देहाचा भार आणि घरचे ताट

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाचलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही "वजन उतरविणे" असे कळविले. त्यांचा चेहरा किंचित पडला. विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवर-सूचन, वसतिगृहाचा निधी अशा विषयांची सवय असलेल्या या व्यासपीठावरून पोट आणि कंबर यांची चर्चा कितपत शोभेल, अशी शंका त्यांना आली असावी. त्यातून व्याख्यान बारा वाजता संपावयाचे आणि साडेबारास पंगत बसावयाची. जिलबीच्या कढईचा वास या क्षणी सभागृहात दरवळत आहे. अशा वेळी मिताहारावर बोलावयास उभे राहणे हे धाडसच म्हणावयाचे! तथापि आमच्या ज्ञातीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत जी माणसे अकाली गेली त्यांची नावे आपण सर्व जाणता. म्हणून हा विषय आम्ही बदलला नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्य नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि पुढे शिक्षकी पेशाच्या पदविकेचे. ३७ वर्षे प्राथमिक शाळेत अंकगणित व मराठी शिकविले आणि २०१७ साली निवृत्त झालो. तेव्हा जे सांगू ते एक तर डॉक्टरांकडून ऐकलेले व वाचून पारखलेले, नाही तर स्वतःच्या अंगावर काढलेले.

आमचा धाकटा भाऊ २०१५ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, पहाटे छातीत कळ येऊन गेला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सारे आटोपले होते. आपल्यापैकी पुष्कळांनी त्याला दुकानाच्या गादीवर बसलेला पाहिला आहे. तो लठ्ठ होता काय? कोणीही नाहीच म्हणेल. हातपाय काटकुळे, मान बारीक, सदऱ्याच्या गळ्याचे माप वीस वर्षे तेच. फक्त पोट तेवढे गोल होते. त्या पोटाकडे पाहून वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणत, "खात्यापित्या घरचा दिसतो." आम्हीही म्हणत होतो. त्याच्या रक्तातील साखर वाढलेली होती हे त्याच्या मृत्यूनंतर जुने कागद चाळताना कळले. तपासणी दोन वर्षांपूर्वीची होती. "वजन तर बेताचेच आहे, मग काळजी कसली?" असे म्हणून त्याने तो कागद वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिला होता.

हातपाय बारीक आणि पोट गोल, हा बांधा आपल्याकडे इतका सर्रास दिसतो की त्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मात्र या बांध्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००४ साली त्यांनी व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघे शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन काढण्याचे जे माप आहे, ज्यास बीएमआय म्हणतात, ते दोघांचेही २२.३, म्हणजे काट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच. परंतु अंगातील मेद मोजला तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या देहात तो ९.१ टक्के भरला आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या देहात २१.२ टक्के! सारख्याच वजनात एकाच्या अंगी स्नायू अधिक, तर दुसऱ्याच्या अंगी चरबी दुपटीहून अधिक.

याचे मूळ जन्मापासून असते असेही याच अभ्यासकांस आढळले. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके सरासरी २.७ किलोंची भरली, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बालके लहान खरी. परंतु जे कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातील अवयव यांत. त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारा मेदस्वी असा जो आपला बांधा आहे, त्याची सुरुवात अशी पाळण्यातच होते. पोटाच्या आत, यकृताभोवती साचणारी चरबी ही नुसती साठवण नसते. तिच्यामुळे इन्शुलिनचे काम बिघडते आणि मधुमेह व हृदयविकार यांची वाट मोकळी होते.

म्हणून भारतीयांकरिता मापे थोडी खाली आणली आहेत. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा, असे आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ साली ठरविले. कंबरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर व स्त्रियांचा ८० सेंटिमीटर यांच्या आत असावा. बीएमआय काढण्याचा हिशोब चौथीच्या मुलासही जमेल. उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनेच गुणावे आणि येणाऱ्या संख्येने किलोतील वजनास भागावे. आमची उंची १.६५ मीटर. तिचा वर्ग २.७२. २०१८ साली आमचे वजन ८२ किलो होते, भागाकार ३०.१. म्हणजे भावाच्या उलट आम्ही उघड उघडच लठ्ठ होतो, आणि साखरही होती.

आता आमच्या मूर्खपणाची हकीकत सांगतो. ती सांगताना संकोच वाटतो, परंतु आज तीच अधिक उपयोगी पडेल.

२०१८ च्या श्रावणात आम्ही असे ठरविले की, मार्गशीर्षात पुतणीचे लग्न आहे तोवर दहा किलो उतरवावयाचे. कोणास न विचारता आम्ही केवळ लिंबूपाणी आणि एक वेळ ताक एवढ्यावर राहिलो. घरच्यांना सांगितले की श्रावणाचे व्रत आहे. साखरेच्या गोळ्या मात्र नेहमीच्या नेहमी घेत राहिलो. पाचव्या दिवशी वजन चार किलो कमी भरले आणि आम्हांस कोण आनंद झाला! त्याच दिवशी दुपारी एस. टी. स्थानकावर घाम फुटला, हात थरथरू लागले, पाटीवरची अक्षरे पुसट झाली आणि आम्ही फरशीवर कोसळलो. डाव्या हाताचे मनगट मोडले. एका चहावाल्याने प्रसंग ओळखून तोंडात साखर घातली म्हणून निभावले. त्या सद्‌गृहस्थाचे नावही आम्हांस ठाऊक नाही.

पुढे डॉक्टरांनी उलगडा केला. मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावतात. पोटात अन्न नसले तरी त्या आपले काम करतातच, आणि रक्तातील साखर धोक्याच्या खाली जाते. उपास करावयाचा तर गोळ्यांचे प्रमाण आधी विचारून घ्यावयास हवे होते. डॉक्टरांना आम्ही काहीच सांगितले नव्हते. दोष सर्वस्वी आमचा. आणि ते चार किलो? हाताचे प्लास्टर निघण्यापूर्वीच ते परत आले होते. पहिल्या चार-पाच दिवसांत जे जाते त्यात बहुतेक पाणीच असते, चरबी थोडी. उपासमार लांबली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि वजन फार झपाट्याने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो, हेही त्या दिवशी कळले. लग्नात आम्ही गळ्यात हात अडकवून अक्षता टाकल्या, त्या उजव्या हाताने.

मग उतरवावयाचे किती, व किती दिवसांत? डॉक्टरांनी सांगितले, आठवड्यास अर्धा किलो, फार तर एक किलो. याहून घाई नको. आम्ही घरी येऊन पाटी-पेन्सिल घेतली. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. अर्ध्या किलोचे ३,८५०. सातांनी भागले तर रोजचे ५५०. म्हणजे रोजच्या खाण्यातून काही व चालण्यातून काही मिळून एवढी तूट पाडावयाची. प्रत्यक्षात देह हा काही हिशोबाची वही नव्हे. वजन उतरू लागले की तोही काटकसर करू लागतो आणि वही सांगते तितके वजन उतरत नाही. परंतु आकडा समोर असला म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. तासभर भरभर चालून आमच्यासारख्याचे अडीचशेच्या आसपास उष्मांक खर्च होतात, आणि वाटेत दोन बटाटेवडे खाल्ले तर ते सारे जमेस येऊन वर काही शिल्लकही राहते. केवळ चालून वजन उतरविणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिला नाही. तूट मुख्यतः ताटातूनच पडावयास हवी.

येथे आमची सून पुढे आली. तिने स्वयंपाकघरात लहान काटा आणला आणि आठवडाभर घरातील शिधा मोजून वहीत लिहिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत २,००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहाराचा नमुना दिला आहे. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४००, फळे १००, दूध ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ वगैरे ३५ आणि तेल-तूप २७ ग्रॅम. सुनेची वही त्याहून जुनी, २०१८ च्या दिवाळीनंतरची. पुढे आम्ही ती या नमुन्याशी ताडून पाहिली. आमच्या घरी माणशी धान्य ४३० ग्रॅम, डाळ जेमतेम ३० आणि भाजी १२० निघाली होती! आम्ही स्वतःस साधे जेवण जेवणारे समजत होतो. साधे होतेच, परंतु ते पोळी-भाताचे जेवण होते. वरण भात ओला करण्यापुरते, आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. आमच्या समजुतीप्रमाणे ज्ञातीतील बहुतेक घरांचे ताट असेच आहे.

पुष्कळ जण पोळी सोडून भाकरी खाऊ लागतात आणि वजन का उतरत नाही म्हणून विचारतात. भाकरी चांगलीच. परंतु ज्वारी घ्या, गहू घ्या, तांदूळ घ्या, कोरड्या धान्याच्या १०० ग्रॅमला उष्मांक सव्वातीनशे ते साडेतीनशेच. तीन पोळ्यांच्या जागी तीन मोठ्या भाकऱ्या खाल्ल्यास वजनात काय फरक पडणार? गुळाचेही तसेच. साखर वर्ज्य म्हणून गूळ घालणारे आपले मन फसवितात, वजन फसत नाही. तूप पवित्र खरे, पण ग्रॅमला ९ उष्मांक तेलाचे तितकेच तुपाचे. आणि उपास! एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्टमय पदार्थ. त्यात दाण्याचे कूट, तूप व बटाटा घातल्यावर त्या खिचडीस उपास कोणत्या अर्थाने म्हणावे, हे आम्ही गुरुजनांवर सोपवितो.

आम्ही काय बदलले ते सांगतो. ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबिरीचा केला. मेथी, पालक, दुधी, पडवळ, गवार, मुळा, काकडी, जे स्वस्त असेल ते. मटकी, मूग, चवळी, हरभरा यांपैकी एकाची उसळ रोज, वाटीभर. कोशिंबीर व उसळ आधी खावयाची, पोळी मागाहून. पोळ्या तीनच्या दोन केल्या, भात डावभर. आणि भाताचा डाव लहान आणला, कारण डाव मोठा असला की "एकच डाव" म्हणणारा मनुष्य प्रामाणिकपणे दोन डाव खातो. पोळ्यांचा डबा ताटाजवळ न ठेवता ओट्यावर ठेवू लागलो. उठून जावयाचा कंटाळा हा मोठा मित्र आहे. रात्रीचे जेवण साडेनऊचे साडेसातवर आणले. दूरचित्रवाणीवरील मालिका त्यापायी पहिल्या पंधरवड्यातच सुटल्या. प्रथिने देहाच्या दर किलोस दिवसाला निदान ०.८३ ग्रॅम मिळावी असे सांगतात. शाकाहारी घरात ती कडधान्ये, दूध, दही, ताक यांतूनच यावयाची, आणि वजन उतरविताना ती कमी पडू देणे म्हणजे स्नायू गमावणे. जे सामिष खातात त्यांनी मासळी, अंडी अवश्य खावी; मात्र तळलेली नव्हे, कालवणाची व उकडलेली.

तेलाचा हिशोब गृहिणींनी घरी अवश्य करावा. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरले तर चार माणसांना महिन्यास तीन किलो पुरावयास पाहिजे. आमच्याकडे साडेपाच किलो लागत होते. तेलाची बरणी तिरपी करून फोडणी देण्याचे बंद केले आणि चमचा मोजू लागलो, तेव्हा दोन महिन्यांत ते साडेतीनवर आले. चहाचेही तसेच. शिक्षकांच्या खोलीची सवय, दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे. कपास १० ग्रॅम धरा, साठ ग्रॅम साखर! दिवसाची मर्यादा २५ ग्रॅमच्या आसपास सांगितली आहे. आम्ही एका महिन्यात दोन कपांवर आलो आणि साखर पाऊण चमच्यावर आली. पहिले आठ दिवस डोके दुखले, हे लपवीत नाही.

होळीची पुरणपोळी व गणपतीचे मोदक आम्ही सोडलेले नाहीत. सणाच्या दिवशी खावे. दिवाळीचा फराळ मात्र सण संपल्यावर महिनाभर डब्यांतून निघत असतो, तेथे आवर घातला.

एक गोष्ट भगिनींविषयी बोलावयाची आहे, आणि ती पुरुषांनी अधिक लक्षपूर्वक ऐकावी. आमच्या सौभाग्यवतींचे वजनही वाढलेले होते. आम्ही त्यांस चार वेळा "तू कमी खात जा" असे सुनावलेही होते. सुनेच्या वहीने उलगडा केला. त्या ताटात सर्वांत कमी वाढून घेत. परंतु सर्वांचे झाल्यावर पातेल्यातील उरलेला भात, नातवाने टाकलेली अर्धी पोळी, भाजीचा शेवटचा घास, हे सारे अन्न टाकू नये म्हणून त्यांच्या पोटात जात होते. घरात अन्न वाया जात नाही याचा आम्हांस अभिमान होता. ते कोठे जाते हे आम्ही कधी पाहिले नव्हते. आता मोजून रांधतो, उरले तर शीतकपाटात जाते, आणि त्या आमच्याबरोबरच बसतात. शेवटी एकटीने जेवण्याची रूढी आमच्या घरातून अशी गेली. व्यायामाचेही तेच. आम्ही पुरुष पहाटे ऐटीत फिरावयास जातो आणि परत येऊन चहा मागतो. त्या तासात घरातील बाईने पाणी भरलेले असते, डबे केलेले असतात. तिने फिरावयास कधी जावे? आमच्याकडे संध्याकाळचा कुकर आम्ही लावतो. पहिल्या दिवशी शिटीच बसवावयाची विसरलो, ती गोष्ट घरात अद्याप सांगितली जाते. परंतु सासू-सुना दोघी आता पाऊण तास चालून येतात.

व्यायामाबद्दल आपल्या महाराष्ट्राने कोणाकडे पाहावे असे नाही. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार आपल्या संस्थानातील शाळांतून केला आणि स्वतः उतारवयापर्यंत तो नेम चालविला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे आहे. आमच्या लहानपणी गावच्या तालमीत जोर-बैठका काढणारी मुले असत. आता त्या तालमीच्या जागी भ्रमणध्वनीचे दुकान आहे. असो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंस ताण देणारा व्यायाम असावा. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. मित्रांबरोबर रमतगमत, दर चौकात थांबून राजकारण करीत जे चालणे होते, ते यात धरू नये.

दुसरा भाग आपण सारे विसरतो. चालण्याने स्नायू फारसे वाढत नाहीत, आणि आपला बांधा तर मुळातच कमी स्नायूंचा. साठीनंतर ते आणखी झडतात. म्हणून आम्ही खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे दहा वेळा, भिंतीला हात टेकून जोर दहा वेळा, असे आरंभले. आता बैठका वीस होतात आणि सूर्यनमस्कार सहा. गुडघे दुखणाऱ्यांनी सपाट जागी चालावे व खुर्चीचा व्यायाम करावा. छातीत दडपण आले किंवा भोवळ आली तर तेथेच थांबून डॉक्टर गाठावा. चाळिशीनंतर नव्याने आरंभ करणाऱ्याने आधी रक्तदाब व साखर पाहून घ्यावी.

पाचव्या महिन्यात आमचे वजन अडले. नऊ आठवडे काटा हलला नाही. आम्ही खचलो, सौभाग्यवतींनी मात्र टेप काढून कंबर मोजली, ती दोन सेंटिमीटर कमी निघाली. काटा थांबला होता, चरबी थांबली नव्हती. यावरून स्मरते, चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ माणसे होती. आहार व व्यायाम सुधारलेल्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि त्यांचे वजन मात्र फारसे उतरलेले नव्हते. काटा पाहून निराश होणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी धरावी.

चौदा महिन्यांत ८२ चे ७१ झाले. आठवड्यास दोनशे ग्रॅमही नव्हेत! कंबर १०६ ची ९६ झाली. गोळ्या निम्म्या झाल्या. तो निर्णय डॉक्टरांचा, आमचा नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत दोन किलो परत चढले, ते गच्चीवर येरझाऱ्या घालून सावकाश उतरविले. बीएमआय आजही २६ आहे, म्हणजे आदर्श म्हणून आम्हांस कोणी पुढे उभे करू नये.

बाजारातील चूर्णे, चहा, पट्टे यांबद्दल बोलण्यात वेळ घालवीत नाही. सेमाग्लुटाइडसारखी नवी इंजेक्शने आली आहेत. ती खरी औषधे आहेत, गुणही देतात. परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीनेच घ्यावयाची, आणि बंद केल्यावर गेलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, हे जाणूनच. वाढत्या वयाच्या मुलांना, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांना कोणीही उपाशी ठेवू नये. वृद्ध आधीच कृश असतील तर त्यांनी वजन उतरविण्याच्या भरीस पडू नये. आणि काही न करता वजन आपोआप उतरू लागले तर त्याचा आनंद मानू नये, तपासून घ्यावे.

राहिला प्रश्न आपल्या पंगतीचा. आमच्या ज्ञातीत पाहुण्याच्या ताटात जिलबी टाकल्याशिवाय यजमानाचे समाधान होत नाही, आणि नको म्हणणाऱ्याच्या हातावरूनही वाढणारा वाढपी शूर समजला जातो. ज्या काळी वर्षातून चार वेळा गोड मिळे त्या काळी हा आग्रह म्हणजे प्रेम होते. आज आमच्या डब्यातही मिठाई आहे आणि दुकानाच्या गल्ल्याशेजारीही. आमच्या भावास शेवटच्या संमेलनात पाच जिलब्यांचा आग्रह झाला होता. त्या आग्रहात आम्हीही होतो. म्हणून व्यवस्थापक मंडळास आमची नम्र सूचना अशी : पुढील वर्षापासून पंगतीत आधी कोशिंबीर व मटकीची उसळ वाढावी, गोड पदार्थ एकच असावा, आणि ताटावर हात आडवा धरणाऱ्यास पुन्हा विचारू नये. हवे त्यास मागून घेण्याची मोकळीक आहेच. ही सूचना ठरावाच्या रूपाने आम्ही दुपारच्या सभेत लेखी मांडणार आहोत. अनुमोदनास कोणी तरी उभे राहावे.

शेवटची एक गोष्ट सांगतो. ज्याची आहे त्याची परवानगी घेतली आहे. भावाचा मुलगा २९ वर्षांचा आहे. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६६ किलो, बीएमआय २२.८. कागदावर सारे उत्तम. गेल्या दिवाळीत त्याचा सदरा पोटावर जरा ताणलेला दिसला आणि आमच्या छातीत धस्स झाले. टेप लावला, कंबर ९४. रक्त तपासले, साखर सीमेवर. वडिलांचाच बांधा! त्याने कागद मात्र वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवला नाही. गेले पाच महिने तो सकाळी सहास आमच्या दाराशी येतो. आमच्यापेक्षा भरभर चालतो, आणि चौकात थांबू देत नाही. काल मोजली तेव्हा कंबर ९० होती.

आता बारा वाजावयास आठ मिनिटे आहेत. कंबर मोजावयाची ती पाटलोणीच्या पट्ट्यावरून नव्हे. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजावी. आपल्या उंचीच्या निम्म्याहून ती कमी असावी, एवढे साधे गणित पुरे. टेप आमच्या खिशात आहे, दुसरा सुनेजवळ आहे. भगिनींनी तिच्याकडे उजव्या बाजूच्या खोलीत जावे. वही-पेन्सिलही आणली आहे. पंगत बसण्यापूर्वी ज्यांस माप घ्यावयाचे असेल त्यांनी व्यासपीठाच्या पायऱ्यांशी यावे. जेवल्यावर घेतलेले माप धरले जाणार नाही.